आखेनचा कार्ल, उरुळीचा कृष्ण

जानेवारीच्या अखेरीस कन्हेरीत पहाटेचं धुकं उसाच्या पाचटावर उतरतं आणि नऊ वाजेपर्यंत हलत नाही. मामांच्या वस्तीवरून मारुतीच्या देवळाकडे निघालं की उसानं भरलेल्या ट्रॅक्टरना वाट देत देत चालावं लागतं. त्या दिवशी शनिवार होता. देवळापुढे रुईच्या माळा, तेलाच्या वाट्या, नारळांचे ढीग. बारामतीच्या निवडणुकांत प्रचाराचा पहिला नारळ याच मारुतीपुढे फुटतो, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. एरवीच्या शनिवारी इथं नारळ फुटतात ते पोराच्या परीक्षेसाठी, बोअरच्या पाण्यासाठी, गाय नीट व्यायली म्हणून.

दर्शन घेऊन मी आणि मामी पायरीवर टेकलो, तेवढ्यात मुलाचा फोन आला. तो जर्मनीत आखेनला शिकतो. म्हणाला, "आई, आज 28 जानेवारी. इथल्या कार्लची पुण्यतिथी."

मामींनी पदरानं तोंड पुसत विचारलं, "कुणाची पुण्यतिथी म्हणतोय गं?"

"एका राजाची, मामी. बाराशे वर्षांपूर्वी गेला."

"बाराशे वर्सं झाली आन् अजून ध्यानात ठिवलाय?" मामी क्षणभर गप्प राहिल्या. "मंग चांगला आसंल."

चांगला होता का? मला पटकन उत्तर देता आलं नाही. ते दोन दिवस, कन्हेरीहून उरुळीपर्यंतच्या प्रवासात, मी ते उत्तर शोधत होते.

आदल्या वर्षी मी आखेनला गेले होते. जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सीमा जिथं मिळतात, तिथलं हे गाव. जमिनीतून गंधकाचं गरम पाणी वर येतं. आपल्याकडे वज्रेश्वरीला येतं तसंच. या पाण्यासाठीच कार्लनं हे गाव आपलं केलं. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला शार्लमेन म्हणतात, आखेनमध्ये तो 'थोर कार्ल' आहे. त्याला पोहण्याची फार हौस. मुलं, सरदार, अंगरक्षक अशी कधी कधी शंभरेक माणसं त्याच्याबरोबर कुंडात उतरत, असं त्याच्या दरबारातल्या आइनहार्डनं त्याच्या चरित्रात लिहून ठेवलं आहे.

कार्लनं बांधलेलं प्रार्थनामंदिर आज कॅथेड्रलच्या पोटात आहे. अष्टकोनी घुमट, खाली दुहेरी कमानी, मधे रंगीत दगडांचे खांब. हे खांब त्यानं रोम आणि राव्हेना इथून आणवले. वरच्या सज्जात त्याचं म्हणून दाखवतात ते सिंहासन आहे. सोन्याचं काहीतरी बघायला मिळेल म्हणून मी जिना चढले होते. समोर होत्या संगमरवराच्या साध्या फरशा, काशाच्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या, आणि वर जायला दगडी पायऱ्या. 936 ते 1531 या सहा शतकांत जर्मनीच्या राजांचे राज्याभिषेक या मंदिरात झाले. खुद्द कार्लच्या अस्थी मात्र सोन्याने मढवलेल्या पेटीत आहेत. ती पेटी 1215 मध्ये पुरी झाली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर 400 वर्षांनी. माणसं राजाला सोन्याने मढवतात ती बहुधा तो गेल्यावर बऱ्याच काळानं.

वस्तीवर परतल्यावर मामी परसात मेथी खुडायला बसल्या. मीही शेजारी बसले आणि सांगू लागले. कार्लचा बाप पेपिन सप्टेंबर 768 मध्ये वारला. राज्य दोन भावांत वाटलं गेलं, थोरला कार्ल आणि धाकटा कार्लमन. तीन वर्षांत, 771 मध्ये, कार्लमन गेला. त्याची विधवा लेकरांना घेऊन इटलीतल्या लोंबार्ड राजाच्या आश्रयाला पळाली आणि भावाच्या वाट्याचं राज्यही कार्लनं आपल्यात घातलं.

"भाऊबंदकी," मामी म्हणाल्या. "हितं तरी काय निराळं हाय!"

पुढं त्यानं 774 मध्ये लोंबार्डांचं राज्य जिंकलं. सॅक्सन टोळ्यांशी त्याची लढाई 772 पासून 804 पर्यंत चालली, एका पिढीहून अधिक काळ. त्या लढाईत 782 मध्ये वेर्डेन इथं एका दिवसात 4,500 सॅक्सनांची मुंडकी उडवली, अशी नोंद राजदरबाराच्याच बखरीत आहे. लपवायचं काही आहे असं त्या लिहिणाऱ्याला वाटलं नसावं. मामींचा मेथी खुडणारा हात थांबला. "आन् ह्याची पुण्यतिथी करत्यात?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट सांगणं मला खोटेपणाचं वाटलं असतं.

पुढची गोष्टही तितकीच खरी आहे. 800 साली, ख्रिस्तजन्माच्या दिवशी, रोममध्ये पोप तिसऱ्या लिओनं त्याच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला. पश्चिम युरोपचा मोठा भाग हाताखाली असलेल्या या माणसाला लिहिता येत नव्हतं. उतारवयात तो शिकायला लागला. उशाखाली पाट्या ठेवायचा, रात्री जाग आली की अक्षरं गिरवायचा. फार उशीर झाला होता, हात वळला नाही. पण 789 मध्ये त्यानं हुकूम काढला की प्रत्येक मठात आणि धर्मपीठात मुलांसाठी शाळा असाव्यात. इंग्लंडच्या यॉर्कमधून अल्क्विन नावाचा विद्वान बोलावून घेतला. त्याच्या राज्यातल्या मठांत लेखनिकांनी गोल, सुटी, वाचायला सोपी लिपी घोटवली. आज इंग्रजी पुस्तकात जी लहान अक्षरं आपण वाचतो, त्यांचं मूळ त्या लिपीत आहे. ज्याला स्वतःला अक्षर जमलं नाही, त्याच्या राज्यातलं अक्षर आज जगभर छापलं जातं. या गोष्टीपाशी मी दर वेळी थांबते. माझी आजी, याच वस्तीवरची, सही करायला शिकली ती नातवंडं झाल्यावर. पाटीवर 'ल' काढताना तिची जीभ दातांत यायची, ते मला अजून दिसतं.

मामींच्या मांडीवर मेथीची जुडी वाढत होती, आणि मला कार्लच्या नावावरचा आणखी एक हुकूम आठवला. राजाच्या खालशातल्या शेतमळ्यांचा कारभार कसा ठेवायचा, याचा तो जाहीरनामा आहे. पिंपं स्वच्छ कशी ठेवावीत, कोंबड्या किती असाव्यात, हिशेब केव्हा द्यावा, सगळं त्यात आहे. शेवटी मळ्यात कोणकोणती झाडं-भाज्या लावायच्याच, त्यांची 70 हून अधिक नावांची यादी आहे.

"मामी, त्या यादीत मेथी आहे."

"काय सांगतीस!"

"मेथी, कोथिंबीर, जिरं, मोहरी, कांदा, लसूण, मुळा, काकडी, भोपळा."

मामींनी आपल्या परसावरून नजर फिरवली. लसणाचा वाफा, कोथिंबिरीचा वाफा, कुंपणावर चढलेला भोपळा. मग म्हणाल्या, "म्हंजी घर चालवाय येत हुतं त्येला." वेर्डेन ऐकल्यावर कडवट झालेला त्यांचा आवाज जरा निवळला होता. राजाबद्दल इतकं नेमकं वाक्य मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही.

रविवारी मामेभावाला पुण्याकडे जायचं होतं. मी म्हटलं, मला उरुळी कांचनला सोड, पण कुरकुंभवरून जाऊ. "ताई, तिकडनं वाकडं पडंल," तो म्हणाला, पण गाडी वळवली. आमचा रस्ता तुकोबांच्या पालखीच्या वाटेनं उलटा चालला होता. आषाढात पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी करत बारामतीला येते आणि पुढं कन्हेरीच्या शेजारच्या काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं. लहानपणी मामांच्या खांद्यावर बसून मी ते रिंगण पाहिलं आहे. बारामती मागं पडली, नीरेच्या डाव्या कालव्याची हिरवाई संपली आणि माळ लागला. मूळची ही भीमथडी अशीच कोरडी, खडकाळ, वाळल्या गवताची. कालव्यानं इथला रंग बदलला. पाणी जिथवर पोचत नाही, तिथं जुना रंग अजून टिकून आहे.

कुरकुंभला फिरंगाईचं देऊळ आहे. देवीचं नाव आणि फिरंगी हा शब्द यांची सांगड घालायला मी गेले नव्हते. ओटी भरणाऱ्या बाईच्या लेखी ती आई आहे, तेवढं पुरे. पण देवळाच्या पायऱ्या उतरताना तो शब्द डोक्यात घुमायला लागला, कारण फिरंगी म्हणजे मुळात कार्लची माणसं. त्याच्या लोकांचं नाव फ्रँक. अरबांनी त्याचं 'इफ्रंज' केलं आणि पुढं धर्मयुद्धांच्या काळात पश्चिमेकडून आलेल्या सगळ्याच युरोपियांना ते नाव लावलं. फारशीत त्याचं 'फरंग' झालं. तिथून ते आपल्याकडे आलं आणि गोव्या-वसईचे पोर्तुगीज मराठी कागदपत्रांत 'फिरंगी' म्हणून नोंदले गेले. युरोपातून आलेलं सरळ, लांब पातं मराठ्यांच्या हातात आलं, तेव्हा त्या तलवारीलाही 'फिरंग' म्हणू लागले. ऱ्हाईन नदीकाठच्या एका टोळीचं नाव असं मजल दरमजल करत आपल्या बखरींत आणि आपल्या म्यानात येऊन बसलं. कार्लचं साम्राज्य मात्र त्याच्या नातवांच्या हयातीतच, 843 मध्ये व्हर्डूनच्या तहानं, तीन तुकड्यांत वाटलं गेलं.

पाटस, चौफुला, केडगाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुऱ्हाळं पेटली होती. काहिलीतला रस उकळून त्याचा गोड धूर गाडीत येत होता. मामेभावानं एका गुऱ्हाळावर थांबून कागदात गरम गूळ आणला. तो हातात धरून उरुळीला का चालले आहे, ते मी त्याला सांगितलं.

ज्या 768 साली कार्ल गादीवर बसला, त्याच साली आपल्या या मुलखावर राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णाचं राज्य होतं. त्याचा पुतण्या दंतिदुर्ग यानं चालुक्यांची सत्ता मोडली. तो निपुत्रिक वारल्यावर राज्य चुलत्याकडे, म्हणजे कृष्णाकडे आलं. वेरूळचं कैलास लेणं त्याच्या नावावर आहे. कळसापासून पायापर्यंत, वरून खाली, एका डोंगरातून कोरून काढलेलं. त्याच्या वंशातल्या कर्कानं 812 च्या सुमारास दिलेल्या बडोद्याच्या ताम्रपटात त्या मंदिराचं वर्णन येतं. ते पाहून आकाशातले देव थक्क झाले, आणि घडवणारा शिल्पीही, हे आपल्या हातून कसं झालं, म्हणून विस्मयात पडला, असा त्याचा आशय आहे.

कैलास सगळ्यांना ठाऊक असतं. मला ओढ होती ती कृष्णाच्या दुसऱ्या एका खुणेची. पुणे जिल्ह्यातल्या तळेगावात एक ताम्रपट सापडला. शके 690, म्हणजे इ. स. 768. कृष्ण गंगांच्या मुलखावर स्वारीला गेला होता आणि कर्नाटकातल्या मण्णे इथं त्याची छावणी होती. सूर्यग्रहणाचं पर्व आलं, आणि त्या छावणीतून त्यानं इकडच्या काही गावांचं दान दिलं. ती गावं 'पूनक विषया'त, म्हणजे पुणे प्रांतात होती. पुण्याच्या नावाचे जे सगळ्यात जुने लेखी पुरावे आहेत, त्यांतला हा एक. त्याच्या आधीचा, 758 चा, ताम्रपटही याच राजाचा.

"ताई, पण गावं कुठली?" मामेभावानं विचारलं.

"तू रोज ज्या पाट्या वाचत जातोस ना, ती."

ताम्रपटातल्या नावांची आजच्या गावांशी गाठ अभ्यासकांनी घालून दिली आहे. अरलुव म्हणजे उरुळी. सिंदिग्राम म्हणजे शिंदवणे. ताडवले म्हणजे तरडे. चतुःसीमा सांगताना येतं ते दाडिमग्राम म्हणजे डाळिंब, आलंदियग्राम म्हणजे म्हातोबाची नाहीतर शेजारची चोराची आळंदी, थिऊरग्राम म्हणजे थेऊर, आणि उत्तरेला मुळा नदी. यवत सोडल्यावर मी त्या पाट्या एकेक मोजू लागले. डाळिंब, डावीकडे. मग उरुळी कांचन. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं आणि बाण. बाराशे पन्नास वर्षांपूर्वी कुणा लेखनिकानं तांब्यावर हीच नावं मांडली होती. मामेभावानं गाडी हळू केली. तो या रस्त्यानं शेकडो वेळा गेला असेल. "डाळिंब," त्यानं पाटी मोठ्यानं वाचली, जणू पहिल्यांदाच.

उरुळी कांचन हे आता मोठं, गजबजलेलं गाव आहे. 1946 मध्ये गांधीजी इथं आले आणि त्यांनी निसर्गोपचार केंद्र सुरू केलं. मणिभाई देसाईंनी तेच आपलं जन्माचं काम मानलं आणि पुढं 1967 मध्ये इथूनच 'बाएफ' ही संस्था उभी केली. या संस्थेच्या संकरित गाईंनी इथल्या किती घरांची चूल पेटती ठेवली, ते मामांच्या गोठ्यात बघायला मिळतं. मामेभाऊ मला सोडून पुढं गेला. मी शिंदवण्याच्या रस्त्यानं घाटाच्या दिशेला थोडी चालत राहिले. अंजिराच्या, डाळिंबाच्या बागा, मधे ज्वारीची रानं. एका रानात आगटी पेटवून हुरडा भाजत होते. एका आजीनं हाक मारून बसवलं, तळहातावर हुरडा चोळून दिला, लसणाची चटणी पुढं केली.

"कुणाकडं आलाय?" त्यांनी विचारलं.

"गाव बघायला आले, आजी. तुमच्या गावाचं नाव फार जुनं आहे. बाराशे पन्नास वर्षांचं."

आजींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "आमच्याआधीबी लोक हुतेच की," त्या म्हणाल्या, आणि पुढचं कणीस हातावर घेतलं.

ते दान ज्या दिवशी दिलं, त्या दिवशीही इथं लोक होतेच. ताम्रपटात राजाचा पराक्रम, वंशावळ, दान घेणाऱ्याचं गोत्र, सगळं काव्यमय संस्कृतात असतं. शेवटी, हे दान जो राखील त्याला स्वर्ग, मोडील त्याला नरक, असे श्लोक येतात. ज्वारी पेरणारे, त्या दानानंतर आपला सारा नव्या धन्याला द्यायला लागलेले, त्यांचं नाव कुठं नसतं. पण गावाची नावं त्यांची होती. अरलुव, थिऊर, सिंदी. संस्कृत लेखनिकाला ती जशी कानावर पडली तशी 'ग्राम' जोडून लिहावी लागली. शब्द लोकांचा, राजानं तो तांब्यावर उतरवला एवढंच. आणि त्या उतरवण्यामुळं आज आपल्याला कळतं, की हा शब्द किती पिढ्यांनी तोंडात सांभाळला.

कृष्णानंतरची गोष्टही कार्लच्या घरासारखीच. त्याची मुलं गोविंद आणि ध्रुव यांच्यात गादीवरून झगडा झाला आणि ध्रुवानं भावाला बाजूला सारलं. ध्रुवाचा मुलगा तिसरा गोविंद उत्तरेपर्यंत जिंकत गेला आणि 814 मध्ये वारला, कार्ल गेला त्याच साली. त्याच्या मागून गादीवर आलेल्या पोरवयाच्या अमोघवर्षानं साठ वर्षांहून अधिक राज्य केलं. त्याच्या दरबारातून 'कविराजमार्ग' हा कन्नडचा आज उपलब्ध असलेला आद्य ग्रंथ आला. 851 मध्ये सुलैमान नावाच्या अरब व्यापाऱ्याच्या वृत्तान्तात राष्ट्रकूट राजाला, त्याच्या शब्दांत 'बल्हारा'ला, जगातल्या चार थोर राजांत बसवलं आहे. बाकीचे तीन म्हणजे बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा, म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलचा, सम्राट. त्याच्या अर्धं शतक आधी बगदादच्याच हारून अल रशीदनं कार्लला अबुल अब्बास नावाचा हत्ती भेट पाठवला होता. तो 802 च्या जुलैत आखेनला पोचला. आखेन आणि राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांना ओळखणारं बगदाद मधे होतं. 973 मध्ये राष्ट्रकूटांचंही राज्य गेलं.

आगटीपाशी बसल्या बसल्या मामींच्या वाक्याचं उत्तर मला सापडलं. चांगला होता का, याचा एकच निवाडा देता येत नाही. वेर्डेनची 4,500 मुंडकी आणि उशाखालची पाटी एकाच माणसाची. पण राजाचं काय उरतं, ते मला आता सांगता येतं. मुलूख उरत नाही, कार्लचा तर नातवांच्या हयातीतच वाटला गेला. सोन्याची पेटी उरते, ती काचेमागं. खरं उरतं ते लोकांच्या रोजच्या बोलण्यात मिसळतं. पोलंडमध्ये, झेक लोकांत, रशियात 'राजा'ला जो शब्द आहे, तो कार्लच्या नावापासून झाला. त्याच्या वेळी ठरलेला, एका पौंडाचे 240 पेनी हा हिशेब इंग्लंडनं 1971 पर्यंत वापरला. शाळेतलं पोर इंग्रजीचं लहान अक्षर गिरवतं, तेव्हा त्याच्या मठांतल्या लेखनिकांचा हात गिरवतं. आपण 'फिरंगी' म्हणतो, तेव्हा त्याच्या टोळीचं नाव घेतो. आणि कृष्णाचं? कैलास आहेच. पण कैलास पाहायला वेरूळला जावं लागतं. उरुळी, डाळिंब, शिंदवणे ही नावं मात्र दूध घालताना, लग्नपत्रिका लिहिताना, पालखीचा मुक्काम विचारताना रोज घेतली जातात. ती राखली राजानं नाही, बोलणाऱ्यांनी राखली. राजाच्या हातून झालं ते इतकंच, की एकदा त्यानं ती ऐकून घेतली आणि लिहवली.

उन्हं कलली. आजींनी उरलेला हुरडा रुमालात बांधून दिला. उरुळीच्या चौकात येऊन मी पुण्याची बस पकडली. दारात उभा राहून कंडक्टर ओरडत होता, "लोणी, हडपसर! थेऊर फाटा, थेऊर फाटा!" मी खिडकीशी बसले आणि मामींना फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, "पोचलीस का गं?" मी म्हटलं, थेऊर यायचंय अजून.